जागृत जागा कशी ओळखायची: देवराईत बसून बसून जे कळलं ते

तुझा प्रश्न मी दोनतीनदा वाचला. थोडक्यात असा, की तू पुण्यात राहतेस, आयटीत आहेस, वर्षभर ध्यान करतेयस पण फ्लॅटमध्ये मन लागत नाही. निसर्गात म्हणे काही एनर्जी स्पॉट्स असतात आणि ते इंट्युशनने सापडतात, तर ते नेमके कसे शोधायचे, त्यासाठी पेंडुलम म्हणजे दोरीला टांगलेला लोलक विकत घ्यावा का, आणि आपल्याला जे जाणवतं ते खरं की मनाचे खेळ. शेवटी एका ओळीत लिहिलंयस की गेल्या महिन्यात मुळशीकडे एका ओढ्याकाठी बसली होतीस आणि काही कारण नसताना रडू आलं, बाबा जाऊन आठ महिने झालेत, तर हे त्या जागेच्या एनर्जीमुळे का. त्या ओळीवर मी सगळ्यात शेवटी येते, कारण बाकीचं बोलून झाल्याशिवाय त्याचं उत्तर नीट देता येणार नाही.

वय २७ लिहिलंयस, माझी मुलगी त्याच वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी गेली २४ वर्षं हेच करतेय, म्हणजे सह्याद्रीतल्या जुन्या राया, झरे, सडे म्हणजे उघडी कातळपठारं, घळी अशा ठिकाणी जाऊन गप्प बसणं. आधी एकटी जायचे, मग मैत्रिणी यायला लागल्या, आता महिन्यातून एकदा पाचसहा जणांना घेऊन जाते, जास्त लोक मी नेत नाही. माहेर संगमेश्वरकडचं, तिथं गावाला देवरहाटी, म्हणजे देवराई, होती आणि लहानपणी आजी मला तिथून जाताना गप्प करायची. आजी काही शिकवायची वगैरे नाही हं, नुसता हात दाबायची. माझं सगळं शिक्षण त्या हात दाबण्यापासून सुरू झालं असं मला वाटतं.

आता एनर्जी स्पॉट हा शब्द. मला त्याचं वावडं नाही, पण आपल्याकडे याला फार चांगले शब्द आहेत आणि ते वापरले की डोकं पण नीट चालतं. गावातली माणसं म्हणतात जागा जागृत आहे, किंवा जागा भारलेली आहे, किंवा जागा जड आहे. या तिन्हीचे अर्थ वेगळे आहेत बघ. जागृत म्हणजे तिथं तुमच्याकडे लक्ष आहे, तुम्ही नीट वागायचं. भारलेली म्हणजे तिथं गेलं की माणूस बदलतो. आणि जड म्हणजे तिथं फार वेळ थांबू नये. इंग्रजी शब्दात नुसतं हाय एनर्जी लो एनर्जी एवढंच होतं, पण जड जागेतही ताकद असतेच की, फक्त ती आपल्यासाठी नसते. तू जेव्हा कुठं जाशील तेव्हा स्वतःला या तीनपैकी काय वाटतंय ते विचार, व्हायब्रेशन्स आहेत का नाहीत असं विचारू नकोस.

दुसरं म्हणजे तुला शून्यापासून शोधायची गरजच नाहीये. आपल्या आधीच्या शेकडो पिढ्यांनी पायी फिरून, गुरं चारून, पाणी हुडकून ह्या जागा शोधून ठेवल्यात आणि त्यांना हात लावायचा नाही असा नियम करून ठेवलाय, त्यालाच आपण देवराई म्हणतो. कोकणात देवरहाटी म्हणतात, काही ठिकाणी नुसतं राई. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या ह्या राया पायी फिरून नोंदवल्या, आणि त्यातली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, ती श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या काळकाईच्या राईची. ती राई तोडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवायला मदत मागितली, आणि कारण काय तर आमच्या ओढ्याचं पाणी ह्या राईवर आहे, राई गेली तर ओढा आटेल. म्हणजे देवीची भीती होतीच, श्रद्धाही होती, पण त्याच्या खाली पाण्याचं पक्कं ज्ञान होतं. माझा अनुभव असा आहे की जागृत जागा आणि पाणी यांना तुला वेगळं करता येणारच नाही. झरा, टाकं, पाझर, नाहीतर पायाखाली ओल तरी असतेच.

कुठल्या राईत जायचं म्हणशील तर भीमाशंकरजवळ आहुप्याची भैरवनाथाची राई आहे, मावळात पवना धरणाच्या पलीकडे आजिवलीची वाघजाईची, जिथं भेरली माडाची उंच झाडं आहेत. जुन्नरच्या पश्चिमेला दुर्गवाडीची. घाटावरच्या राईत शिरलं की पहिली गोष्ट काय होते तर उजेड बदलतो. बाहेर माळावर डोळे बारीक करून चालत असतेस आणि दहा पावलात एकदम हिरवट अंधार, अंजनी, जांभूळ, हिरडा, एखादा आंबा जो चार जणांच्या कवेत येणार नाही, आणि त्या सगळ्यांवरून गेलेली गारंबीची वेल, मांडीएवढी जाड, तिच्या शेंगा हातभरापेक्षा लांब असतात. खाली पानांचा इतका थर की पाय टाकला की आवाजच येत नाही. मध्ये एखादा तांदळा, म्हणजे देव मानलेला न घडवलेला दगड, शेंदूर लावलेला, आजूबाजूला झिजलेले वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. वरती शेकरू ओरडत असतं. आणि महाराष्ट्राच्या अगदी दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला, भालांडेश्वराची राई आहे, तिथं जंगली जायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली असतात. पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राई तशीच. मी पहिल्यांदा ती मुळं बघितली तेव्हा अर्धा तास नुसती उभी होते, बसायचं सुचलंच नाही. त्या लोकांनी त्या देवाला निरंकार, म्हणजे निराकार, का म्हटलं असेल हे तिथं उभं राहिलं की कळतं, सांगून कळत नाही.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाला बसायची जागा कशी असावी ते सांगितलंय, ते जरूर वाच. तिथं एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही, बघूनच वैराग्य दुप्पट होतं, पावलापावलावर पाणी आहे आणि ते पावसाळ्यातसुद्धा निर्मळ आहे, ऊन सौम्य, वारा मंद, आवाज फारसा नाही, श्वापदांची वर्दळ नाही, आणि सहज वाटेने चाललेल्या पाखंड्याला पण वाटावं की इथंच तप करावं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याचा अर्थ असा की जागा चांगली असेल तर ती न मानणाऱ्यालाही जाणवते, त्यासाठी तुझ्यात काही खास शक्ती असायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कसं जायचं ते. एकटी जाऊ नकोस, निदान पहिली दोन वर्षं तरी नको, पण बडबड्या माणसाबरोबर पण नको. दसऱ्यानंतर ते साधारण फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला, पाणी असतं, हवा स्वच्छ असते. पावसाळ्यात सुंदर दिसतं पण घसरडं, दक्षिणेकडे जळवा, आणि मुख्य म्हणजे पावसाच्या आवाजात बारीक काही ऐकू येत नाही. पहाटे निघून नऊच्या आत तिथं पोच. फुल पँट, बूट, मोजे, कारण दगडाखाली फुरसं असतं आणि झुडपात हिरवा चापडा पानासारखाच दिसतो, बसायच्या आधी काठीने पाचोळा हलवून बघायचा आणि चटई टाकूनच बसायचं. गवतात बसून आल्यावर आठदहा दिवसांत ताप आला आणि अंगावर कुठं काळी खपली दिसली तर डॉक्टरला जंगलात गेले होते हे सांगायचं, स्क्रब टायफसचा ताप असू शकतो तो. हे मी ध्यानाच्या प्रश्नात सांगतेय कारण अध्यात्माच्या नावाखाली लोक शरीराला विसरतात आणि इथं तर सगळं काम शरीरानेच करायचंय.

गावात पोचलीस की आधी गावातल्या माणसाशी बोल. राई कुणाची आहे, आत जायला चालतं का, कुठपर्यंत चालतं, चप्पल कुठं काढायची. हे नुसतं मॅनर्स म्हणून नाही, तुझ्या इंट्युशनचा पहिला भाग हाच आहे. ज्या म्हातारीने साठ वर्षं त्या राईच्या कडेने गुरं नेली तिला विचारलंस की आत बसायला कुठं बरं वाटतं तर ती हात दाखवून सांगेल, आणि तू दिवसभर डोळे मिटून जे शोधणार असतेस ते ती दोन वाक्यात सांगते. कोकणात असशील तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, राखणदाराला सांगतात की बाबा अशी अशी लेक आलीय, सांभाळून घे. तू मानतेस की नाही हा वेगळा भाग, पण ते गाऱ्हाणं उभं राहून ऐक. तुझ्यासाठी कुणीतरी अनोळखी माणसाने जंगलाकडे शब्द टाकलाय, त्यानंतर आत पाऊल टाकताना पाय वेगळा पडतो.

मग मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायचा आणि पहिली ४० मिनिटं काही शोधायचं नाही. खरंच काही नाही. आपण गाडीतून उतरतो तेव्हा डोक्यात अजून रस्ता, टोल, ऑफिस, सगळं वाजत असतं आणि त्या अवस्थेत जे पहिलं सुचतं त्याला लोक इंट्युशन म्हणतात, ते इंट्युशन नसतं, ती नुसती घाई असते. मी कडेला एका जागी बसवते सगळ्यांना, कसलंही ध्यान नाही, नुसतं ऐका. साधारण वीस मिनिटांनी पक्षी आपल्याला विसरतात आणि पुन्हा बोलायला लागतात, हे तुला स्पष्ट ऐकू येईल, आधी जे शांत वाटत होतं ती शांतता नव्हतीच, ते आपल्यामुळे गप्प झाले होते. ते परत बोलायला लागले की समजायचं आपण आता थोडे आत आलो.

त्यानंतर उठायचं आणि हळू चालायचं, इतकं हळू की लाज वाटावी. दिशा ठरवायची नाही. आणि लक्ष कुठं ठेवायचं तर तीन गोष्टींवर, श्वास, जबडा आणि पोट. जागा आपली असेल तर श्वास आपोआप खाली उतरतो, आपण उतरवत नाही, तो उतरतो. जबडा सैल पडतो, दातावर दात होते हे तेव्हाच कळतं. पोट मऊ होतं, कधी कधी भूक लागते, मला तर नेहमी लागते आणि मी ती फार चांगली खूण मानते कारण घाबरलेल्या शरीराला भूक लागत नाही. आणि अजून एक, कान मोठे झाल्यासारखं होतं, लांबचा ओढा ऐकू यायला लागतो. जिथं हे होईल तिथं थांबायचं. दोन पावलं पुढं जायचं, परत मागं यायचं, कुठं जास्त होतं बघायचं. बस्स, एवढंच आहे. लोकांना वाटतं प्रकाश दिसेल, मणक्यातून काही जाईल. जाणाऱ्यांना जात असेल, मी नाही म्हणत नाही, पण मला २४ वर्षांत जे खात्रीने मिळालंय ते इतकं साधं आहे, की मी तिथं कमी घाबरलेली असते.

आणि आता जिथं फसायला होतं ते. अंगावर काटा आला म्हणजे एनर्जी, असं नाही. माळावरून राईत शिरल्यावर गारवा लागतो त्याने पण काटा येतो. डोकं जड झालं म्हणजे जागा जड, असंही नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सातवीण फुललेली असते आणि तिच्या वासाने कितीतरी लोकांचं डोकं धरतं. चक्कर आली तर आधी पाणी पी. धबधब्यापाशी सगळ्यांनाच तरतरी येते, तिथं थेंब फुटताना हवेत ऋण विद्युतभार तयार होतो हे फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवलं होतं, त्या तरतरीशी त्याचा किती संबंध आहे यात मी पडत नाही, पण धबधब्याची तरतरी आणि राईतलं निवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं अनुभवाने सांगते. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर कातळशिल्पापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, ते बघून लोक भारावून जातात. दगडातल्या चुंबकीय खनिजांनी सुई फिरते, ते खरंच आहे. पण सुई फिरली म्हणून तिथं तुझं मन शांत होईलच असं काही नाही. त्या सड्यावर मला जे मिळालं ते संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर, कातळ अजून गरम होता आणि ज्याने ते चित्र कोरलं तो माणूस पण असाच गरम कातळावर गुडघे टेकून बसला असेल हा विचार आला तेव्हा.

माझ्या बाबतीत झालेलं सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका राईत मला जबरदस्त कंपनं जाणवली, पायापासून छातीपर्यंत, सलग, आणि मी तिथं डोळे मिटून चांगली वीस मिनिटं बसले, मनात म्हटलं मिळाली जागा. बरोबर गावातला एक मुलगा होता तो लांबून हात करत होता, हाक मारत नव्हता. मी उठून गेले तेव्हा त्याने वर दाखवलं, बरोबर माझ्या डोक्यावर आग्या मोहोळ होतं, दोन मोठी पोळी. आवाज माझ्या कानाला कळायच्या आधी शरीराला कळला होता आणि शरीर सांगत होतं ऊठ, मी त्याचा अर्थ लावला बस. त्या दिवसापासून मी मानते की इंट्युशन सहसा खोटं बोलत नाही, चूक होते ती भाषांतरात. आपल्याला जे हवं असतं ते आपण त्यात वाचतो. म्हणून काहीही जोरदार जाणवलं की आधी डोळे उघडून आजूबाजूला, वर आणि खाली बघायचं, मगच मिटायचे.

पेंडुलमचं. नको घेऊस. त्यात वाईट काही नाही, पण पेंडुलम हलतो तो तुझ्याच हाताच्या इतक्या बारीक हालचालींनी की तुला त्या कळत नाहीत, विल्यम कार्पेंटर या डॉक्टरने १८५२ मध्येच हे समजावून सांगितलं होतं. म्हणजे पेंडुलम तुझंच मन तुला दाखवतो, मग मधे दोरी कशाला. आपल्याकडचे पाणाडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधणारे, बघ, कुणी हातावर नारळ ठेवतं, कुणी बेचक्याची काठी धरतं. मी एका पाणाड्याबरोबर दोन दिवस फिरलेय. काठी वळायच्या कितीतरी आधी त्याचे डोळे वळायचे, उंबर कुठं आहे, वारूळ कुठं, उन्हाळ्यात हिरवं काय राहिलंय, उतार कुठं मोडतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा सबंध अध्याय आहे त्यात हेच आहे, जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेला दोन पुरुष, म्हणजे हात वर केलेल्या माणसाच्या दुप्पट, खोलीवर गोड पाणी. ते खणून तसंच निघतं का हा माझा विषय नाही, माझा विषय ती नजर आहे. चाळीस वर्षं एकच शिवार बघितलं की माणूस विचार न करता बघतो आणि त्यालाच मग लोक म्हणतात त्याला आतून कळतं. आतून कळतंच, पण आत ते बाहेरूनच गेलेलं असतं. म्हणून तुला झाडं ओळखायला शिकावं लागेल, निदान वीस झाडं, दगड कुठला ओला राहतो ते, कुठला पक्षी कधी बोलतो ते. तुझं इंट्युशन याने जेवढं वाढेल तेवढं कुठल्याच कोर्सने वाढणार नाही.

आणि एका बाबतीत इंट्युशन अजिबात वापरायचं नाही, वाट शोधायला. चकवा लागतो म्हणतात ना, माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, ते अगदी खरं आहे. २००९ मध्ये जर्मनीत संशोधकांनी लोकांना जंगलात सरळ चालायला सांगितलं तर ढगांमुळे सूर्य दिसत नव्हता तेव्हा माणसं गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत होती आणि त्यांना वाटत होतं आपण सरळ चाललोय. बसायची जागा मनाने निवड, परतीची वाट माणसाने दाखवलेली आणि उजेडात. सूर्य कलला की राईच्या बाहेर.

खरं की मनाचे खेळ हे कसं ओळखायचं. एकदा जाऊन कळत नाही. एक वही कर. गेलीस की तारीख, वेळ, हवा, झोप झाली होती का, पाळी चालू होती का, कुणाशी भांडण झालं होतं का, आणि कुठं काय वाटलं, एवढंच, वर्णन नको. त्याच जागेवर तीनदा जा, वेगवेगळ्या मनःस्थितीत, एकदा तरी चिडलेली असताना. जिथं चिडलेली जाऊनही श्वास खाली उतरला ती जागा. आणि बरोबरच्याला आधी काही सांगायचं नाही, दोघांनी वेगवेगळं लिहायचं, नंतर ताडून बघायचं. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही हे करतो आणि कितीतरी वेळा सहापैकी चार जणांनी एकच झाड लिहिलेलं असतं. कितीतरी वेळा नसतं पण, आणि तेही मी वहीत लिहिते.

आता थोडं मनातलं. काही रायांमध्ये बायकांना आतल्या भागात जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही, पण मी पाहुणी म्हणून गेलेली असते आणि मी तिथं वाद घालत नाही, कडेला बसते. कडेला बसून काही कमी मिळालं असं मला कधी वाटलं नाही, झाडांची मुळं काही त्या दगडी ओळीपाशी थांबत नाहीत. ज्यामुळे मला झोप लागत नाही ते वेगळंच आहे. दोनचार वर्षांनी एखाद्या राईत परत जावं तर मधला तांदळा उचलून कोबा केलेला, वर स्लॅब, चकचकीत टाइल्स, भोंगा, आणि त्या बांधकामाच्या खर्चासाठी राईतलीच चार मोठी झाडं विकलेली. गावकऱ्यांच्या मनात भक्तीच असते, देवाला उन्हापावसात का ठेवायचं असं त्यांना वाटतं, मी त्यांना दोष देत नाही. पण मी अशा एका ठिकाणी जाऊन बसले आणि वहीत लिहिलं, श्वास वरच, जबडा घट्ट, आणि शंभर पावलांवरचा झरा जो मार्चपर्यंत असायचा तो जानेवारीत कोरडा. म्हणून तू जाशील तिथं सांगत जा, म्हातारबाबांना, तरुण पोरांना, की आम्ही लांबून ही झाडं बघायला येतो, देऊळ तर पुण्यात पण आहेत. बाहेरून आलेल्या माणसाने किंमत केली की पोरांना पण किंमत वाटते, हे मी बघितलंय. राईतून काही आणायचं नाही हे तर आहेच, वाळकी काटकी नाही, बी नाही, सुंदर दगड नाही. आणि लोकेशन टाकून फोटो नको.

दर आठवड्याला लांब जाणं तुला जमणार नाही, तर वेताळ टेकडी आहे की. पहाटे सहाला जा, वरती वेताळाच्या देवळापाशी गर्दी असते तिथं नको, जरा खाली उतरून झाडोऱ्यात एक जागा धर आणि वर्षभर तीच ठेव. जागा बदलत राहिलीस तर फक्त जागांची तुलना होते. एकाच खडकावर वर्षभर बसलीस की त्या खडकावर पहिल्या पावसाआधी मुंग्या कशा अंडी घेऊन चढतात ते दिसेल.

आता तुझी शेवटची ओळ. ओढ्याकाठी रडू आलं. ते एनर्जीमुळे का असं तू विचारलंस, आणि बाबांचं तू मधेच स्वल्पविरामात टाकलंस, त्यावरून मला वाटतं की तुला पण माहीत आहे. माझी आई गेली तेव्हा मी दहाव्याला रडले नाही, तेराव्याला नाही, सगळ्यांना वाटलं किती धीराची आहे. पाच महिन्यांनी एका झऱ्यापाशी ओंजळीत पाणी घेतलं आणि तिथं जे रडू आलं ते अर्धा तास थांबलं नाही, बरोबरची मैत्रीण काही बोलली नाही, नुसती पाठीला पाठ लावून बसली. जागेने मला काय केलं ते मला सांगता येणार नाही. एवढं कळतं की घरात मला कुणीतरी बघत होतं, सासरी, माहेरी, ऑफिसात, आणि तिथं बघणारं कुणी नव्हतं, किंवा होतं तर त्याला माझ्याकडून धीर नको होता. गावची माणसं ज्याला जागृत म्हणतात ते कदाचित हेच असेल, मला तरी तेव्हापासून तसंच वाटतं.

म्हणून आहुपे, आजिवली सगळं नंतर. तुला जागा सापडलेली आहे, तू तिला विचारायच्या आधीच. पुढच्या वेळी एखाद्या गप्प राहणाऱ्या मैत्रिणीला घेऊन त्याच ओढ्यावर जा, त्याच दगडावर बस. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तर ओढून आणू नकोस. मुळशीकडचे बरेच छोटे ओढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत बारीक होतात, तेव्हा त्याच्या आत एकदा जाऊन ये, आणि मग मे महिन्यात तो कोरडा असेल तेव्हाही एकदा जा, त्या दिवशी काय वाटलं ते मला कळव.